बोलणारं पिनबॉल मशीन मुकं झालं तर? जुन्या मशीनमधले वायरिंगचे आणि आवाजाचे बिघाड असे शोधतात

विंडोज एक्सपीचा जमाना आठवतोय? ऑफिसात किंवा सायबर कॅफेत इंटरनेट बंद पडलं की लोक दोनच गोष्टी उघडायचे. एक पत्ते आणि दुसरा 'स्पेस कॅडेट' नावाचा पिनबॉल. स्क्रीनवर गोळी टणाटण उडायची, दिवे लागायचे, स्पीकरमधून चित्रविचित्र आवाज यायचे. पण तो खेळ ज्याची नक्कल होता ते खरं पिनबॉल मशीन आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. चार पायांवर उभी लाकडी पेटी, वर काच, काचेखाली उतरता लाकडी पाट, त्यावर धावणारी सुमारे ८० ग्रॅम वजनाची स्टीलची गोळी आणि मागे उभी, चित्रांनी रंगलेली दुसरी पेटी. या पाटाला प्लेफील्ड म्हणतात.

या मशीनचं माहेर म्हणजे अमेरिकेतलं शिकागो. गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या याच शहरातल्या. त्यांनी ४०-५० वर्षांपूर्वी बनवलेली हजारो मशीन्स आजही लोकांच्या घरात, गॅरेजमध्ये आणि छोट्या संग्रहालयांमध्ये चालू आहेत. म्हणजे बरेचदा चालू असतात, आणि बरेचदा नुसतीच उभी असतात! अशा मशीनमधून आवाज येईनासा झाला की नवा मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे आवाजाचा अख्खा बोर्ड बदलायला निघतो. खिसा रिकामा होतो, बोर्ड बसतो, आणि मशीन तरीही गप्पच! कारण बिघाड बोर्डात नसतोच. तो असतो आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या जागी. लूज कॉन्टॅक्टमध्ये.

हे नीट समजून घ्यायला एक प्रसिद्ध मशीन घेऊया.

"मी गोर्गर!"

१९७९ साली विल्यम्स कंपनीने 'गोर्गर' नावाचं पिनबॉल मशीन बाजारात आणलं. त्याआधीच्या पिढीतल्या मशीन्समध्ये कम्प्युटर नव्हता, सगळा कारभार रिले आणि चाकांवर चालायचा. त्यांचा आवाज म्हणजे खरीखुरी घंटा किंवा धातूच्या पट्ट्या. विजेच्या कॉइलने छोटा दांडा उडवायचा, तो पट्टीवर आपटायचा आणि टिंग! १९७७ च्या सुमारास या कंपन्या मायक्रोप्रोसेसरकडे वळल्या आणि आवाजही इलेक्ट्रॉनिक झाला. गोर्गरने त्यापुढची उडी मारली. हे माणसासारखं बोलणारं पहिलं पिनबॉल मशीन.

त्याचा शब्दसंग्रह किती असेल? फक्त ७ शब्द! त्या काळी मेमरी चिप महाग होती, म्हणून 'गोर्गर', 'स्पीक्स', 'मी', 'यू', 'बीट', 'गॉट' आणि 'हर्ट' एवढेच शब्द साठवले आणि त्यांनाच उलटंपालटं जोडून वाक्यं बनवली. व्याकरणाचा पत्ता नाही, पण राक्षसाला व्याकरण कशाला लागतं? गंमत म्हणजे "मी गोर्गर" हे त्याचं इंग्रजी वाक्य मराठी कानाला शुद्ध मराठी वाटतं. शिवाय मागे हृदयाचे ठोके ऐकू येत राहतात आणि खेळ लांबला की ते वेगाने पडू लागतात. या मशीनच्या सुमारे १४,००० प्रती बनल्या.

आता विचार करा, असं मशीन कुणीतरी हौसेने घरी आणलं. दिवे लागतात, गोळी सुटते, गुण मोजले जातात, पण आवाज नाही. गोर्गरमधून ठोकेच गेले तर उरलं काय?

एका "मी हर्ट"चा प्रवास

गोळी एका स्विचवर आदळते. मुख्य बोर्डावरचा प्रोसेसर ते टिपतो आणि ठरवतो की आता अमुक आवाज हवा. हा हुकूम शेजारच्या ड्रायव्हर बोर्डावर जातो. या दोन बोर्डांना जोडणारी ४० पिनांची एक रांग आहे. ड्रायव्हर बोर्ड म्हणजे खेळातल्या कॉइल्स चालवणारा बोर्ड, पण विल्यम्सच्या त्या काळच्या इंजिनिअरांनी एक शक्कल लढवली होती. आवाजाचा हुकूम पाठवायला त्यांनी वेगळी वाट काढलीच नाही. कॉइल्ससाठी असलेल्या ट्रान्झिस्टरांपैकी ९ ते १३ क्रमांकाच्या ५ लाइन्स आवाजासाठी वापरल्या.

या ५ लाइन्समधून हुकूम वायरने आवाजाच्या बोर्डावर पोचतो. त्या बोर्डाला स्वतःचा वेगळा प्रोसेसर आहे. तो आपल्या मेमरीतून आवाज तयार करतो. बोलायचं असेल तर एका चपट्या रिबन केबलने जोडलेलं बोलण्याचं कार्ड कामाला लागतं. मग आवाज कमीजास्त करायचं बटण, मग अँप्लिफायर, आणि शेवटी पेटीच्या तळाशी बसवलेला स्पीकर.

आता या वाटेत सांधे किती ते मोजा. ४० पिनांची रांग, ड्रायव्हर बोर्डाचा कनेक्टर, आवाजाच्या बोर्डाचे कनेक्टर, रिबन केबलची दोन टोकं, सॉकेटमध्ये खोचलेल्या चिप्सचे पाय, आवाजाचं बटण, स्पीकरच्या वायरी. चिप एकवेळ ४० वर्षं टिकते. पण सांध्याचं तसं नाही. या पेटीत दर सेकंदाला कॉइल्स धाडधाड आपटतात, खेळणारे तिला ढकलतात, थापा मारतात. या धक्क्यांनी सोल्डरिंगला केसाएवढ्या भेगा पडतात. पिनांवरचा कथलाचा मुलामा काळवंडतो आणि कनेक्टरच्या आतली स्प्रिंग सैल होते.

म्हणून जाणकार मेकॅनिक संशय घेताना आधी सांधा, मग वीजपुरवठा, मग ट्रान्झिस्टर, आणि अगदी शेवटी चिप असा क्रम लावतो. नवशिक्याचा क्रम नेमका उलटा असतो.

हात घालण्याआधी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. पिनबॉल मशीनमध्ये घरातल्या मेन लाइनची वीज येते. आकडे दाखवणाऱ्या डिस्प्लेसाठी विल्यम्सच्या त्या काळच्या मशीन्समध्ये +१०० आणि -१०० व्होल्ट असतात, म्हणजे या दोन टोकांमध्ये २०० व्होल्टचा फरक. बॅलीच्या मशीन्समध्येही डिस्प्लेचा व्होल्टेज असाच जास्त असतो. हा झटका गमतीचा नाही. काही जुन्या मशीन्सना तर दोनच पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसतंच. तिथे आवाजाच्या आधी नवी तीन पिनांची वायर आणि अर्थिंग, तेही जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून.

मशीन बंद करून प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते. पाच-दहा मिनिटं थांबा, मीटर लावून खात्री करा, मगच हात घाला. मशीन चालू असताना कुठलाही कनेक्टर काढायचा किंवा लावायचा नाही. या एका घाईने चांगले बोर्ड जळतात. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याजागी जास्त अँपियरचा फ्यूज, तार किंवा चांदी गुंडाळणं म्हणजे आग लावायची पूर्वतयारी. फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो.

साधनं फार लागत नाहीत. एक मल्टिमीटर, चांगली सोल्डरिंग गन, सुकी लाकडी काडी आणि त्याच मॉडेलचं मॅन्युअल. मॅन्युअलमध्ये प्रत्येक वायरचा रंग दिलेला असतो. दोन रंगांची वायर असेल तर पहिला रंग मुख्य आणि दुसरा तिच्यावरच्या रेघेचा. ४० वर्षांत कुणीतरी मधेच भलत्या रंगाचा तुकडा जोडलेला असतोच, त्यामुळे डोळ्यांवर पूर्ण विश्वास टाकू नका, मीटरने तपासा.

मशीन गप्प आहे, पण नेमकं कुठे?

अख्खी वाट एकदम तपासायची गरज नसते. ती मधोमध कापायची आणि बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं.

विल्यम्सच्या या काळातल्या आवाजाच्या बोर्डावर एक छोटं तपासणीचं बटण असतं. मशीन चालू करून ते दाबलं की बोर्ड स्वतःहून आवाज वाजवून दाखवतो. मुख्य बोर्डाच्या हुकुमाची त्याला गरज लागत नाही. आवाज आले, तर बोर्ड, अँप्लिफायर, स्पीकर सगळं ठणठणीत आहे आणि बिघाड हुकूम येण्याच्या वाटेवर आहे. म्हणजे ४० पिनांची रांग, ड्रायव्हर बोर्ड किंवा मधली वायर. नाही आले, तर बिघाड अलीकडच्या अर्ध्यात आहे. एका बटणाने निम्मं काम झालं. तरीही लोक आधी नवा बोर्ड मागवतात!

बटण दाबूनही शांतता असेल तर सुरुवात स्पीकरपासून करा, कारण ती तपासणी फुकट आहे. मशीन बंद करून स्पीकरच्या दोन्ही वायरी मोकळ्या करा आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्यांना टेकवा. 'टक्' असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. मीटरने मोजलं तर ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७ ओहम दिसतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. बदलताना जेवढ्या ओहमचा होता तेवढ्याचाच घ्या. कमी ओहमचा लावला तर अँप्लिफायरवर ताण येतो.

मग आवाज कमीजास्त करायचं बटण. हे पेटीच्या आत असतं, कारण कंपनीला ते खेळणाऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्याने आतली कार्बनची पट्टी मळते. फिरवताना खरखर झाली, किंवा एका ठरावीक जागीच आवाज येऊन पुढे गेला, तर गुन्हेगार सापडला. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवा. नाही सुधारलं तर बटण बदला, ते स्वस्त असतं.

त्यानंतर वीज. या बोर्डाला ट्रान्सफॉर्मरकडून वेगळा पुरवठा येतो आणि तो आपले व्होल्ट स्वतः बनवतो. प्रोसेसरसाठी ५ व्होल्ट, बाकीच्यासाठी अधिक आणि उणे सुमारे १२ व्होल्ट. म्हणूनच बाकी मशीन मजेत चालू आणि आवाजाचा बोर्ड मेलेला, असं होऊ शकतं. त्याच्या पुरवठ्याच्या वाटेतला एक फ्यूज किंवा एक पिन पुरते. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका. दिसायला अखंड असलेला फ्यूजही आतून तुटलेला असतो. तो क्लिपमधून काढून मीटर लावा, आणि त्या क्लिपची पकडही बघा.

फक्त बोलणं बंद आहे, बाकी ठोके, स्फोट, शिट्ट्या सगळं चालू आहे? मग नजर थेट रिबन केबलवर आणि बोलण्याच्या कार्डाच्या सॉकेटमधल्या चिप्सवर. प्लग काढून, वाट बघून, केबल दोन-तीन वेळा काढून घट्ट बसवली की कित्येक मुके गोर्गर बोलायला लागतात. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्या मशीनमधून उचललेला बोर्ड बसवला असेल, तर त्यावर जंपर नावाची छोटी जोडतार बघा. बोलण्याचं कार्ड आहे की नाही त्यानुसार ती ठेवावी किंवा काढावी लागते. हा तपशील मॅन्युअलमध्ये असतो आणि हमखास विसरला जातो.

लूज कॉन्टॅक्ट पकडायचा कसा?

मशीन चालू ठेवा, चाचणीचे आवाज सुरू करा आणि सुक्या लाकडी काडीने कनेक्टर एकेक करून हलके ढोसा. आवाज मधेच आला किंवा गेला की जागा सापडली. बोट नको, स्क्रू ड्रायव्हर तर मुळीच नको. काडीच.

मग मशीन बंद करून तो बोर्ड बाहेर काढा आणि मागच्या बाजूने पिनांचं सोल्डरिंग भिंगातून बघा. पिनेभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं तर तीच भेग. वरून चकचकीत दिसणाऱ्या पिनेखालीही ती असते. नुसतं तापवून जुनंच सोल्डर वितळवू नका. जुनं काढा, थोडं फ्लक्स लावा, नवं भरा.

विल्यम्सच्या या पिढीतली ती ४० पिनांची रांग म्हणजे तर दुरुस्तीवाल्यांची कायमची डोकेदुखी. दोन मोठे बोर्ड एकमेकांना वायरने न जोडता थेट एकमेकांत खोचायचे, ही कल्पना कागदावर सुबक होती. प्रत्यक्षात प्रत्येक धक्का त्या ४० सांध्यांवर येतो. मशीन मधेच अडकतं, चुकीची कॉइल उडते, आवाज कधी येतो कधी जात राहतो, असं सगळं एकत्र होत असेल तर इतर काही तपासण्याआधी ही रांग दोन्ही बाजूंनी नवी बसवून घ्यावी.

दोन्ही बाजूंनी हे महत्त्वाचं. बोर्डावरच्या पिना नव्या केल्या आणि वायरीच्या टोकाचा जुना, सैल भाग तसाच ठेवला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. सँडपेपरने पिना घासणं हाही तात्पुरता उपाय. घासल्यावर दोन दिवस छान चालतं, पण मुलामा निघून जातो आणि पिन आधीपेक्षा लवकर काळी पडते.

सगळ्यात जास्त जळलेले कनेक्टर दिव्यांचे असतात. प्लेफील्डवर सतत चालू राहणारे छोटे दिवे ६.३ व्होल्टवर चालतात. ४४ नंबरचा एक बल्ब ०.२५ अँपियर घेतो. असे ४० बल्ब म्हणजे तब्बल १० अँपियर, तेही दोन-चार पिनांमधून! प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं दिसतं ते यामुळे. ४७ नंबरचे बल्ब ०.१५ अँपियर घेतात, म्हणजे तेवढ्याच बल्बांना ६ अँपियर. उजेड किंचित कमी, पण कनेक्टर सुखी. आजकाल बरेच जण एलईडी लावतात. आणि गणपतीच्या लायटिंगची जुनी माळ जशी एक बल्ब गेल्यावर अख्खी बंद पडायची, तसं इथे होत नाही. हे दिवे समांतर जोडलेले असतात. त्यामुळे एकदम सगळी रांग गेली असेल तर बल्ब बघत बसू नका, कनेक्टर आणि फ्यूज बघा.

घूंऽऽऽ आणि खरखर

आवाज येतो, पण मागे सतत गुणगुण आहे. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या चोकसारखी. ही तुलना नुसती गमतीची नाही. मेन लाइनची वीज अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा आणि भारतात ५० वेळा हेलकावते. ती डीसी करताना दोन्ही अर्धे वापरले की शिल्लक राहणारी थरथर दुप्पट वेगाची होते, म्हणजे तिकडे १२० हर्ट्झ आणि आपल्याकडे १०० हर्ट्झ. ही थरथर गिळण्याचं काम मोठ्या फिल्टर कपॅसिटरचं. म्हातारपणी त्याच्या आतलं द्रव सुकतं आणि तो थरथर गिळेनासा होतो. मीटर एसीवर ठेवून डीसी पुरवठ्याच्या टोकांवर लावा. तिथे एसी जवळपास शून्य हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर कपॅसिटर बदलायची वेळ झाली. विल्यम्सच्या त्या पिढीत ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर १२,००० मायक्रोफॅरडचा डब्यासारखा कपॅसिटर असतो. तो एवढा जुना असेल तर मोजत बसण्यापेक्षा बदललेला बरा. नवा लावताना अधिक-उणे टोकं उलटी झाली तर तो फुटतो, हे विसरू नका.

गुणगुण आवाजाच्या बटणाबरोबर कमीजास्त होते का, हेही बघा. होत असेल तर ती बटणाच्या आधीच्या भागातून येते. बटण शून्यावर आणूनही तेवढीच राहत असेल तर अँप्लिफायर किंवा त्याचा पुरवठा.

कपॅसिटर नवे घालूनही घूं जात नाही, तेव्हा अर्थिंग तपासा. पेटीत विणलेल्या तारेचा एक पट्टा फिरवलेला असतो, तो सगळ्या धातूच्या भागांना एकत्र जोडतो. मशीन हलवताना वरची पेटी वेगळी करतात, आणि परत बसवताना हा पट्टा जोडायचा राहून जातो. बोर्ड ज्या स्क्रूंनी बसवलेले असतात, त्या स्क्रूंमधूनही अर्थिंग जातं. गंजलेला किंवा हरवलेला एक स्क्रूसुद्धा आवाजात घूं आणू शकतो.

भलताच आवाज येतोय

हा बिघाड सगळ्यात मजेशीर, आणि समजला तर सगळ्यात सोपा. हुकमाच्या ५ लाइन्स म्हणजे चालू-बंद होणारी ५ बटणं समजा. त्यांच्या एकूण ३२ जोड्या होतात आणि कुठला आवाज काढायचा ते त्या जोडीवरून ठरतं. आता त्यातली एक लाइन तुटली. ज्या आवाजांना ती लाइन लागत नाही ते बरोबर येतील. ज्यांना लागते त्यांच्या जागी भलतेच आवाज येतील. म्हणजे 'काही आवाज बरोबर, काही चुकीचे' असं दिसलं की मेमरी चिप खराब झाली असा निष्कर्ष काढू नका. आधी त्या ५ वायरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरने तपासा.

पैसे टाकायच्या दाराच्या आत तपासणीची बटणं असतात. त्यांनी मशीन स्वतःच्या कॉइल्स एकामागून एक चालवून दाखवतं. ९ ते १३ क्रमांकांना कॉइलच्या जागी आवाज यायला हवा. एखाद्या क्रमांकाला काहीच आलं नाही, तर त्या क्रमांकाचा टीआयपी १२० ट्रान्झिस्टर किंवा त्याची वायर संशयित.

कॉइल्सचा विषय निघालाच आहे, तर एक धोका. मशीन चालू करताच एखादी कॉइल खटकन ओढली जाऊन तशीच चिकटून राहिली, तर लगेच बंद करा. तिचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय, आणि थोड्याच वेळात कॉइल जळून वास सुटेल. ट्रान्झिस्टर बदलण्याआधी कॉइलवरचा छोटा डायोड बघा. कॉइल बंद होताना उलटा विजेचा झटका मारते, तो हा डायोड जिरवतो. तो तुटला असेल तर नवा ट्रान्झिस्टरही जाईल. डायोडवरची पट्टी असलेलं टोक नेहमी वीज येणाऱ्या वायरीच्या बाजूला. उलट लावला तर थेट शॉर्ट.

कुणी हात न लावता मशीन बोलतं!

यात भूतबाधा काही नाही. प्लेफील्डवरचे स्विचेस ८ रांगा आणि ८ स्तंभांच्या जाळ्यात बांधलेले असतात, म्हणजे १६ वायरींमध्ये ६४ स्विचेस. प्रत्येक स्विचला एक छोटा डायोड असतो, तो वीज उलट्या वाटेने जाऊ देत नाही. एखादा डायोड शॉर्ट झाला की जाळ्यातल्या चौकोनाचे तीन कोपरे बंद होताच चौथा, न दाबलेला स्विचही दाबल्यासारखा दिसतो. प्रोसेसर बिचारा इमानदारीने गुण देतो आणि आवाज काढतो. लोक आवाजाचा बोर्ड तपासत बसतात आणि बिघाड असतो प्लेफील्डच्या खाली, एका स्विचवर! दारातल्या स्विच तपासणीत, गोळ्या बाहेर काढून, कुठले स्विच बंद दिसतात ते बघा. एकाच चौकोनाचे कोपरे दिसले तर डायोड. एकच दिसला तर बहुधा पानं चिकटलेला किंवा वाकलेला स्विच.

सेल गळाले असतील तर

विल्यम्सच्या मुख्य बोर्डावर साधे ३ सेल असतात, सेटिंग आणि गुणांचे विक्रम लक्षात ठेवायला. बॅलीच्या त्याच काळच्या बोर्डावर चार्ज होणारी बॅटरी सोल्डर करूनच बसवलेली असायची. मालक विसरतो, सेल गळतात, आणि आतला क्षार तांब्याच्या रेषा, सॉकेट आणि पिना खात सुटतो. हिरवट-पांढरा चुरा दिसला की बोर्ड काढा. व्हिनेगरने क्षार मारा, पाण्याने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळवा. खाल्लेले सॉकेट मात्र धुऊन सुधारत नाहीत, ते बदलावेच लागतात. पुन्हा सेल बसवायचे तर बोर्डापासून दूर, वायर जोडलेल्या डबीत. गळाले तर डबी जाईल, बोर्ड वाचेल.

चिप खरंच गेली असेल तर

एवढं सगळं करून झाल्यावर चिपवर संशय घ्यायला हरकत नाही. पण घाबरायचं कारण नाही. या जुन्या मशीन्सच्या मेमरीतला मजकूर छंदी लोकांनी जपून ठेवलाय आणि नव्या चिपमध्ये तो पुन्हा भरता येतो. 'पिनमेम' नावाचं सॉफ्टवेअर तर हाच मजकूर कम्प्युटरवर चालवतं. दुरुस्तीत त्याचा एक छुपा फायदा आहे. कुठल्या वेळी कुठला आवाज यायला हवा हे आधी कम्प्युटरवर ऐकून घेता येतं. ४० वर्षांपूर्वीचं मशीन मुळात कसं वाजायचं, हे सांगणारं जवळपास कुणी नसेल तर हा आधार मोठा आहे.

बाहेरून आणलेलं मशीन भारतात लावताना मात्र आवाजाच्याही आधी प्लगकडे बघा. अमेरिकेत घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. बऱ्याच मशीन्सच्या ट्रान्सफॉर्मरवर वेगवेगळ्या देशांसाठी टोकं काढलेली असतात आणि जोडणी बदलून ती २३० व्होल्टला चालवता येतात. तशी सोय नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो व्होल्ट कमी करतो, पण ६० हर्ट्झचे ५० हर्ट्झ तसेच राहतात. त्यामुळे फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला मशीनचा मूळ ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. पहिल्या दिवशी मशीन तासभर चालू ठेवून, मग प्लग काढून, थोडं थांबून ट्रान्सफॉर्मरला आणि दिव्यांच्या कनेक्टरना हात लावून बघा. कोमट लागले तर ठीक. चटका बसत असेल तर जोडणी पुन्हा मॅन्युअलशी ताडून बघितल्याशिवाय मशीन चालू करू नका.